दोन रेघा

खारा वारा आधी काने खातो, मग वेलांट्या.
म्हणून दर पंचवीस जानेवारीला
हर्णैच्या बंदरावरच्या काळ्या दगडावर
हरेश्वर पावसे नावं पुन्हा रंगवतो.
रंग होडीचाच, उरलेला.

शेजारी खुर्चीत नाईक गंगाराम तांबे,
पाय एकच, तोही आता सुजलेला.
नावं सांगतो, पाठ.
"दाऊद मुकादम. त नाय रे, द.
बंदरावरचा पोर, पोहता येत नव्हतं,
नि गेला बर्फात."
"शिवराम रेवाळे. ह्याचे पाच रुपये
माझ्याकडं ऱ्हायले."

मागे लिलाव चढतो, सुरमईच्या पाट्या सरकतात.
कुणी थांबत नाही.
थांबावं असं गंगारामलाही वाटत नाही,
मासळी थांबते थोडीच.

नावं संपतात. दगड अर्धा कोरा.
बसवणाऱ्यांनी जागा राखून ठेवली होती.
हरेश्वर कुंचला पुसायला घेतो.
"थांब," म्हातारा म्हणतो,
"ह्या वर्षी खाली दोन रेघा मार.
हिशेब मिटला की मारतात तशा."

हरेश्वर मारतो,
होडीच्या काठाला मारतो तशा, एका दमात.
गंगाराम कुबडी शोधतो, उठतो,
बराच वेळ बघत राहतो.
"उद्या सकाळपर्यंत वाळतील?"
"वारा आहे ना," हरेश्वर म्हणतो.