परमिट

फाट्यावरच्या माझ्या मेडिकलात
पुरुष आधी फळ्या बघतात, मग मला.
मी दिसले की त्यांना हटकून बाम आठवतो.
"भाऊ नाही काय?"
भाऊ माल आणायला अकोल्याला गेलाय, मी सांगते.
खरं तर भिंतीवर काचेत लटकलंय
ते सर्टिफिकेट माझ्या नावाचं,
भाऊ फक्त खोकी उचलतो.
मग ते बाम घेतात.
एकाने एकदा ग्राइपवॉटर नेलं.
त्याच्या घरात बाळ नव्हतं,
ते मला माहीत होतं, अन् त्यालाही.

जानराव इंगोले तेवढेही थांबले नाहीत कधी.
रिटायर लाइनमन.
तीस वर्षं खांबांवर चढलेला माणूस,
माझ्या दोन पायऱ्या चढेना.
साखरेची गोळी माझ्याकडून, रक्तदाबाची माझ्याकडून,
अन् मागच्या दिवाळीपासून
छातीत दाटून आलं तर जिभेखाली ठेवायची
ती बारकी गोळीही माझ्याकडूनच.
ही एक मात्र नाही.
हिच्यासाठी ते बस धरून कारंज्याला गेले,
जिथं त्यांना कोणी दाजी म्हणत नाही.

मला हे सांगितलं बेबीनंदाबाईंनी.
दुपारचे तीन, डांबर मऊ झालेलं.
पदराची गाठ सोडून
त्यांनी काउंटरवर ठेवली चार घरांची पट्टी,
तीन घरं फुटलेली.
"यातली सस्तीवाली हाय का, माय?
नाव येगळं, औषध एकच, थे?"
जेनेरिक, मी म्हटलं.
"थेच. एका गोळीले इतके पैसे?
इतक्यात तं तुरीची डाळ येते."
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
"साखर झाली तवापासून खाट अंगणात टाकतेत.
म्हणतेत, उकाडा होते.
पौषात कायचा उकाडा, सांग बरं?"
मग आवाज खाली आणून, पण मान वर ठेवून:
"मांगच्या बुधवारी आत आले.
फार काई जमलं नाय.
पण रातभर बोलले.
कोन्या गावची डीपी जळली होती,
कोनाच्या लग्नात लाइन जोडून देल्ली होती...
बारा वर्सांत इतकं नाय बोलले माह्यासंग."

चिठ्ठी आहे का, मी विचारलं.
होती. कारंज्याच्या डॉक्टरची, चार घड्यांची.
वय: चौपन्न. सहा वर्षं खाल्ली होती.
मधुमेह: आहे.
हृदयविकार: नाही.

पंख्याखाली ती चिठ्ठी फडफडत राहिली
अन् मी तिच्यावर बोट ठेवून उभी.
"काकू, जिभेखालची गोळी
कारंज्यात सांगितली होती का त्यांनी?"
"कायले सांगतीन? छातीचं सांगतलं असतं
तं देल्ली असती का डॉक्टरनं?"
नसती दिली, मी म्हटलं. देऊच नये.
या दोघी एका अंगात भेटल्या
तर रक्तदाब असा खाली येतो
की कधी कधी वर येतच नाही.
सस्ती असो की महाग.

लाइनमनची बायको ती.
तिला दोनदा सांगावं लागलं नाही.
"तीस वर्सं," ती म्हणाली,
"परमिट घेतल्याबिगर खांबावर हात नाय ठेवला या मानसानं.
तिकडून फोन आल्याबिगर शिडी नाय लावली.
अन् घरातल्या घरात..."
पुढचं तिने गिळलं.
उरलेली गोळी पट्टीसकट माझ्याकडे सरकवली.
"तुह्यापाशी ठेव."
जाताना पायरीवर थांबून:
"मी आली होती, असं सांगू नको."
अन् दोन पावलांवर पुन्हा वळून:
"नाय तं सांग."

मी काही सांगितलं नाही.
पट्टी गल्ल्यात, चिल्लरीच्या बाजूला.
मुदत संपायला अजून सव्वा वर्ष.

सोमवारी दिवेलागणीला, गिऱ्हाईक नसताना,
जानराव पायऱ्या चढले.
एक. मग खूप वेळाने दुसरी.
"भाऊ नाही काय?"
नाही.
त्यांनी फळीवरचा बाम उचलला, झाकण फिरवलं,
परत बसवलं.
बाहेर पोलावरचा दिवा लागता लागता लुकलुकला,
सवयीने त्यांची मान तिकडे वळली.
"मंग," ते म्हणाले, दिव्याकडेच बघत,
"तूच सांग बाई, कोन्या डॉक्टरले इचारा लागते थे."

मी काउंटरखालून स्टूल काढलं.