पुकारा

उदगीरच्या कोर्टात बावीस वर्षं नावं पुकारतो मी.
आज पहिल्या पुकाऱ्याला हालगे उठला नाही.
दुसऱ्यालाही नाही.
तिसऱ्याला बाकापाशी जाऊन
कोपराला हात लावला.
"डावा गेलाय, भाऊ. इकडून बोला."

मोंढ्यातला मापाडी.
तूर मोजताना एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो.
टँकरच्या रांगेत फौजदारानं एकच ठेवून दिली होती.
लाभ.

खटला अजून उभाच नाही.
आधी हे ठरायचंय
की ती थप्पड फौजदाराची, का सरकारची.
सरकारची असली तर मंजुरी लागते,
आणि मंजुरीचा कागद
सव्वा वर्ष झालं, वरच्या कुठल्या टेबलावर आहे
ते टेबलालाच ठाऊक.

लातूरहून आलेले वकील
"कर्तव्य बजावत असताना" म्हणाले, सात वेळा.
मला दुसरं काम नव्हतं, मी मोजलं.
हालगे मान वाकडी करून बसलेला,
उजवा कान पुढं,
लिलावात भाव फुटायच्या वेळी बसतात तसा.

साहेबांनी चष्मा काढला, काहीतरी पुटपुटले.
रोजनाम्यात चढलं:
उभय पक्षांस ऐकले.

बाकावर जागा कमी.
हालगेच्या उजवीकडं, साध्या शर्टात,
फौजदारच बसला होता.
हालगेनं त्यालाच विचारलं,
"काय म्हणले हो?"

तो घोटाळला जरा.
मग वाकून, अगदी कानाशी,
"तारीख," म्हणाला.

मी पुढचं नाव पुकारलं,
गरज नसताना
मोठ्यानं.