मुकं अक्षर

आमच्या भाषेत एक अक्षर आहे,
लिहायचं, पण म्हणायचं नाही.
भावाच्या आधी येतं, माणसाच्या आधी येतं,
घोड्याच्या नालेच्याही आधी.

अकरा मुलांची माझी शाळा, पासो देल साउसे.
उरुग्वेच्या नकाशात शोधू नका,
माशी बसली तर झाकलं जाईल.
तिथं ब्राउलियोनं ते अक्षर पानभर गाळलं.
निबंध मेंढ्यांच्या कातरणीचा:
बिनडोक्याचे भाऊ, बिनडोक्याची माणसं,
आणि बिनडोक्याची नाल ठोकलेली एक घोडी.

मला हसू आलं. हसू येणं गुन्हा नव्हे.
मी फोटो काढला.
शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, खाली तीन हसरे चेहरे
आणि ‘काय करावं या पोराचं!’
नाव झाकायचं राहिलं.
खरं सांगते, राहिलं नाही. सुचलंच नाही.

फोटो शंभर कोस गेला, मोंतेविदेओला,
तिथून कुणाच्या तरी भावजयीकडे,
तिच्याकडून फिरत कातरणीच्या शेडमध्ये,
ब्राउलियोच्या मावशीच्या फोनवर.
कातरणारे मोठ्यानं वाचत होते.
तो खाली पडलेली लोकर गोळा करत होता.

सोमवारी घोड्यावरून आला, वही न आणता.
आणि त्याच सोमवारी फळ्यावर, तारखेखाली, माझा धडा:
‘पडद्यामागे माणूस असतो.’
वाक्य पुस्तिकेतलं. अक्षर छान आलं होतं.

यामिलानं हात वर केला.
“बाई, हे मोठ्यांनाही लागू आहे का?”
घंटा वाचवेल म्हणावं, तर घंटा मीच वाजवते.

मग सांगितलं. चेहरे तीन होते, तेही.
“पुसून टाका,” एलबियो म्हणाला.
माझ्याकडचा पुसला रे,
बाकीच्यांकडे हात पोचत नाही.
“मग जिथं हसलात, तिथंच माफी मागा.”
मागितली, त्यांच्यादेखत.
ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

माते फिरतो तेव्हा आम्ही त्यातली नळी ढवळत नाही,
भांडं ज्यानं भरलं त्याच्याच हाती परत देतो.
एवढं मला तीन वर्षांची असल्यापासून येतं.
फोन चाळिशीत आला,
तेव्हा मनगटावर चापट मारायला कुणी नव्हतं.
हे कारण म्हणून सांगत नाही.

ब्राउलियो गप्प होता.
बोलला नाही, पण बाकावर
आपली जागा धरून होता.

दोन आठवड्यांनी वही आली.
प्रत्येक शब्दाआधी ते अक्षर:
पाण्याआधी, आईआधी,
जिथं कधीच नव्हतं तिथंही.
म्हणाला, “काढा आता फोटो.”
फोन खिडकीत उपडा होता. म्हटलं, नको रे.
“काढा. बाबांना पाठवा.
ते सरहद्दीपलीकडे ट्रक चालवतात,
त्यांनी माझं अक्षर पाहिलेलं नाही.”

काढला. खाली एक ओळ लिहिली,
आणि पाठवण्याआधी
फोन त्याच्या हातात दिला.
बोट ठेवत ठेवत वाचलं त्यानं,
थांबला,
आणि एक शब्द
मला बदलायला लावला.