पाणसळ

वादळ जाऊन नऊ दिवस झाले.
सहमच्या किनाऱ्यावर होड्या अजून उताण्या,
घाफच्या झाडात कुणाची तरी निळी टाकी,
आणि खलफान अल-मुक्बालीचं घर
(तीन महिन्यांचं, दारावरचं प्लास्टिकही न सोललेलं)
आतल्या आत अजून पाऊस पाडतंय.

कंपनी म्हणाली, बघून ये.
‘कारण’ या रकान्यात काय लिहायचं
ते फोनवर आधीच सांगितलं :
अतिवृष्टी.

शिडी चढलो. पाणसळ ठेवली गच्चीवर.
बुडबुडा सरळ पन्हळीकडे पळाला.
बुडबुडा चढाकडे पळतो, पाणी उताराकडे.
म्हणजे पन्हळ वर, आणि पाणी जिन्याकडे,
तिथून खाली, शिडीशिवाय.
तापालासुद्धा उतार पडतो.
या गच्चीला कुणी पाडलाच नाही.

पन्हळीत हात घातला.
सिमेंटची रिकामी गोणी निघाली, बोळा केलेली.

मग सुरीनं जोड उचलला.
सहा इंच हवा होता, तीन भरला.
आणि शेवटचा पट्टा,
तो तर दुधावरच्या सायीसारखा
अख्खा हातात आला.
खाली डांबर वितळल्याची खूण नाही.

ऑगस्टमधली दुपार होती. जहीरुलनं टॉर्च हलवून दाखवला होता :
साब, गॅस खलास.
(हा शब्द मराठीत चालतो, अरबीत चालतो,
सिल्हेटच्या माणसालाही पुरतो.)
मी घड्याळ बघितलं होतं.
म्हणालो होतो, वाळू पसर वरून.

गच्ची पाण्यानं भरून अठ्ठेचाळीस तास ठेवायची असते.
टँकर संध्याकाळी आला. फोटो निघाला,
पाण्यात सूर्य वगैरे, छान आलाय.
सकाळी पाणी सोडून दिलं.
कागदावर अठ्ठेचाळीस.
खाली सही, ‘र’ला जरा जास्त शेपूट असलेली.
माझी.

खाली आलो तर कहवा तयार.
खलफान शाळेची बस चालवतो.
अकरा वर्षं दुसऱ्यांची मुलं घरी सोडून
हे एक घर बांधलं.
गादी ओली म्हणून आम्ही उंबऱ्यावर बसलो.
त्यानं खजूर पुढे केला आणि विचारलं :
मुहंदिस, दोष वाऱ्याचा की घराचा?

आमच्याकडे म्हणतात,
कुठंतरी पाणी मुरतंय.
अरबीत हे सांगायला गेलो तर
नुसतंच खरं होतं.
मी खजुराची बी तोंडात फिरवत राहिलो.

त्याची मुलगी शम्सा, सातवीतली.
तिनं मला आत नेलं, भिंतीपाशी.
ओलीच्या कडेनं रोज एक रेघ ओढलेली, पेन्सिलीची,
प्रत्येक रेघेवर तारीख.
पहिल्या दिवशी तळहाताएवढं बेट.
चौथ्या दिवशी त्याला शेपूट फुटलेलं.
पाऊस थांबला त्या दिवसाखाली
तिनं लिहिलंय, थांबला.
रेघा त्यानंतरही बाहेर बाहेर सरकत गेलेल्या.

वीस वर्षं मी तपासणीचे अहवाल लिहितोय.
इतका सरळ एकही नाही.

आजची राहिलीय, ती म्हणाली.
हात पुरत नाही आता.
पेन्सिल माझ्याकडे दिली.

ओढली रेघ. ओल अंगठ्याला लागत होती,
मध्ये तुटली, मागे येऊन जोडली.
तारीख घातली.
नाव पण, ती म्हणाली. ज्यानं मोजलं त्याचं.

बाहेर खलफान कप विसळत होता.
मी ‘र’ काढायला घेतला.
ओल्या गिलाव्यावर शिसं उमटेना.
जरा कोरड्याकडे सरकलो,
उद्या जिथं ओल पोचणार
तिथं,
आणि पुन्हा गिरवायला लागलो.