पाच महिने कमी

ट्यूसनला येऊन एकोणीस महिने झाले.
गाडीची पाटी बदलली, मतदारयादीत नाव लागलं,
घसासुद्धा सरावला या कोरड्या हवेला.
तरी वकीलबाई म्हणतात,
दोन वर्षं भरली नाहीत, मिस्टर स्टॅनफिल,
तुमच्यापाशी काय राहू द्यायचं
ते अजून ओहायोचा कायदा ठरवणार.

म्हणजे ते राज्य,
जिथे आधी टायरचा कारखाना गेला, मग मार्जोरी, मग घर,
ते अजून माझे खिसे चाचपतंय.

रात्री फॉर्म घेऊन बसतो.
टोस्टर, चार डॉलर.
बूट दोन जोड, दहा.
मार्जोरीची श्रवणयंत्रं, डबीत, सेल काढलेली.
काय लावायची किंमत?
जनावरांचाही रकाना आहे.
कुत्री उठून आली, गुडघ्यावर हनुवटी टेकली.
शून्य लिहिलं.
तिला वाचता येत नाही ते बरं.

देण्यांना मात्र जादा कागद जोडावे लागले.
हॉस्पिटल, पुन्हा हॉस्पिटल, भूल देणारा डॉक्टर,
अँब्युलन्सच्या सहा मैलांचे अकराशे चाळीस,
आणि हे सगळं मागे टाकायला
भाड्याने घेतलेला ट्रक.
त्याचेही राहिलेत.

शेवटी विचारलंय,
गेल्या तीन वर्षांत कुठेकुठे राहिलात?
ॲक्रनचा पत्ता एका दमात लिहिला, पिनकोडसकट.
इथल्यासाठी
चपला घालून बाहेर गेलो,
दारावरचा आकडा बघून आलो.