बाळगोंडा मगदूम पीत नाहीत

राजारामपुरी, आठवी गल्ली, गच्ची.
रणधीरनं पाच बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्यात,
वर मार्करनं आकडे.
अट एकच: दुपारपासून कुणी तांबडा ओरपायचा नाही,
जीभ कोरी पाहिजे.
इरफान म्हणाला, कोल्हापुरात कोरी जीभ
फक्त बारशातल्या बाळाला असते.

मी शिरोलीच्या फाउंड्रीतली वही आणलेली,
कास्टिंग नापास करायची. रकाने तयारच होते.
मथळे खोडून लिहिलं:
रंग, नाक, जीभ, मागे काय उरलं.

मगदूम अण्णा कठड्याला टेकून, हात मोकळे.
शाहूपुरीच्या गूळ-सौद्यात चाळीस वर्षं
रव्याचा टवका नाकाशी धरून प्रत सांगायचे.
"दोन नंबर" म्हटले की गुळव्या आपल्याच पायाकडं बघायचा.
दारू तर नाहीच,
दिवस मावळला की पाणीसुद्धा नाही.
"अण्णा, नुसतं हुंगा," रणधीर म्हणाला.
हुंगणं नेमात बसतं का,
याचा त्यांनी बराच वेळ विचार केला.
मग चष्मा काढून खिशात ठेवला.

एक नंबर. मी लिहिलं: मध, व्हॅनिला, रंध्याखालचा ताजा भुसा.
अण्णा म्हणाले, "पोरगं हाय. गोडच बोलणार."

दोन, शेरीच्या पिंपातली. मनुका, अक्रोडाची साल,
डॉक्टर सुलभाताईंच्या मते आईच्या शालूची पेटी.
अण्णांनी ग्लास लांब धरला, जवळ आणला, परत लांब.
"काहील उतरवायला घटकाभर उशीर केलाय.
पण मुद्दाम. चुकणारा हुशार हाय."

तीन आली आणि गच्चीवर धूर झाला.
आयोडिन, ओलं पोतं, विझवलेली होळी.
इरफानला ठसका. मी 'दवाखाना' लिहून खोडलं.
अण्णा पहिल्यांदा हसले.
"जळव्यानं चुलवाणात ओली चिपाडं सारली.
असला गूळ मी माघारी धाडला असता,
आणि त्यातलाच किलोभर घरी नेला असता."

चारमध्ये चुकलेलं काहीच नव्हतं.
सगळ्यांनी सात गुण दिले
आणि लगेच विसरलो.

पाचवी ओतताना रणधीर ओठ चावत होता.
टॉफी, जुनं ओक, संत्र्याची साल, मी लिहीत सुटलो;
'बहुधा परदेशी, बहुधा महाग', साडेआठ.
अण्णांनी ग्लास नाकाशी नेला, लगेच खाली ठेवला.
"मळी.
मार्चात वारा फिरला की
कारखान्याच्या मागनं येतो तो वास.
माझी सासुरवाडी तिकडंच.
आपल्याच उसाची हाय ही, वरनं रंग दिलाय."

कागद फाडला. महागाची बाटली,
आत कोपऱ्यावरच्या दुकानातली,
लोखंडी जाळीमागून घेतलेली क्वार्टर.
आम्ही इतके हसलो
की खालच्या मजल्यावरच्यांनी दिवा लावला.

अण्णा हसत नव्हते.
चष्म्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाले,
"रंगाला बाजार असतोय.
पिवळाधमक पाहिजे म्हणून गुळात हायड्रॉस घालायचे.
मला वास यायचा.
नाकाला कळायचं, आणि तोंड म्हणायचं
एक नंबर.
एक दोन वर्षं न्हाई, लई वर्षं."

मग कुणी काही ओतलं नाही.
रंकाळ्याकडून मक्याच्या कणसांचा
जळका वास येत होता,
त्याला कुणी गुण दिले नाहीत.

सकाळी धुवायच्या आधी मी पाचही ग्लास हुंगून बघितले.
एकात थोडं लाकूड. दोनमध्ये शालूची घडी.
चार कोरा. पाच कोरा, म्हणजे जवळपास.
तीनच्या तळाशी चुलवाण अजून धगधगतंय.

वहीत अण्णांच्या ओळीत आकडा एकही नाही.
फक्त शेवटच्या रकान्यात, मागे काय उरलं, तिथं
मी काही लिहिलं नव्हतं,
आणि त्या जागी
ओल्या ग्लासचं एक गोल वळ.