छावणी मंडीतला काटा

तेहेतीस हजार किलो सोयाबीन,
आणि पडद्यावर उणे बत्तीस हजार पाचशे छत्तीस.
ड्रायव्हर म्हणाला, "भिया, गाडी उडेगी क्या?"

घरी सगळं बरोबर येत होतं.
पण काट्याच्या खोलीत अजून डॉस,
तिथला कंपायलर आकडा दोनच बाइटांत कोंबतो.
बोटं संपली
की उण्यात शिरतो.

दिले चार बाइट.
वजन सुधारलं, पावती गोठली.
वैतागून मध्ये एक कोरी ओळ छापायला लावली,
तर चाललं.
का, देव जाणे.

टीप लिहायला वर सरकले,
तिथे आधीच एक कोरी ओळ,
शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी:
ही ओळ काढू नये. कारण विचारू नये.
टेंबे, ९४.

मी खाली लिहिलं: हीसुद्धा.